समुद्राकडचं दार

मांडव्याच्या दक्षिणेला, शेठ लोकांच्या बंगल्यांची रांग संपते तिथे किनाऱ्यालगत एक विहीर आहे. गावात तिला चोरविहीर म्हणतात. गेल्या दिवाळीत माझी नात मैत्रिणींबरोबर तिकडे फिरून आली आणि तिने मला त्या विहिरीची गोष्ट ऐकवली. फार पूर्वी परदेशातून चोर आले, बंगल्याच्या राखणदाराने पैसे खाऊन त्यांना समुद्राकडचं दार उघडून दिलं आणि शेठचा बंगला लुटला गेला. "आजोबा, तुमच्या वेळची ना ही गोष्ट?" तिने विचारलं. मी हो म्हणालो आणि पुढे गप्प राहिलो. गप्प राहायला नको होतं, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

चोर परदेशी होते, हे खरं आहे. बंगला लुटला गेला, हेही खरं. राखणदाराने त्यांना दार उघडून दिलं हे मात्र खोटं आहे. आणि ते खोटं गावात रुजलं ते माझ्या खऱ्या साक्षीमुळे.

मी शाळेत होतो तेव्हा, म्हणजे एकोणीसशे वीसच्या पुढे, आमच्या किनाऱ्यावर बंगले उठायला लागले. मुंबईचे शेठ यायचे, नारळाची वाडी बघायचे, वारा अंगावर घ्यायचे आणि महिन्याभरात चुन्याची भट्टी लागायची. बंगले बांधून झाले की वर्षातले दहा महिने बंद. दिवाळीत आणि मे महिन्यात माणसं यायची, तेव्हा गावात बर्फ यायचा. तो भुशात गुंडाळून होडीतून यायचा आणि धक्क्यावर उतरवताना आम्ही पोरं खाली पडलेले तुकडे चोखायचो.

मी सातवी पास झाल्यावर काही वर्षं मुंबईच्या गोदीत एका वखारीत होतो. तिथे हिंदुस्थानी बोलायला शिकलो. नंतर ताप धरला म्हणून गावी आलो आणि मांडव्याच्या धक्क्यावर तिकिटं फाडायच्या कामाला लागलो. आमच्या गावात खलाशांची हिंदुस्थानी येणारा मी एकटाच होतो आणि मला त्याचा अभिमान होता.

ज्या बंगल्याची ही गोष्ट, त्याचा राखणदार म्हणजे आमच्या कोळीवाड्यातला एक म्हातारा तांडेल. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख. त्याच्या उजव्या हाताची बोटं दोरात सापडून निकामी झाली, सुकाणू सुटलं आणि शेठने त्याला बंगल्यावर ठेवलं. होडी गेली तरी सगळे त्याला तांडेलच म्हणत. माझ्या वडिलांचा तो जिवाचा दोस्त. वडील गेल्यावर धक्क्यावरून घरी परतताना मी रोज त्याच्याकडे थांबायचो.

आता विहिरीचं सांगतो, कारण सगळं तिथेच आहे. आमच्या किनाऱ्यावर विहिरी पुष्कळ, पण बहुतेकांचं पाणी मचूळ. गोड पाणी फक्त या एका विहिरीला. बंगला होण्याच्या कितीतरी आधीपासून येणारी-जाणारी गलबतं तिथे नांगर टाकून पाणी भरत. मालवणकडची यायची, गुजरातेतली यायची, कधी आखातातलीही. रीत अशी होती की समुद्रातून पाणी मागायला आलेल्या माणसाला पाणी द्यायचं आणि काही विचारायचं नाही. कुठला, कोण, कुठे निघालास, काहीच नाही. पाण्याबद्दल काही घ्यायचंही नाही. तांडेल तरुणपणी वाऱ्याने भरकटून उत्तरेला कुठल्यातरी किनाऱ्याला लागला होता. तिथे एका म्हातारीने सगळ्या होडीला पाणी पाजलं होतं. तिची भाषा त्याला कळली नव्हती आणि तिने त्याला एक प्रश्न विचारला नव्हता. ही हकीकत तो पुन्हापुन्हा सांगायचा आणि दर वेळी म्हातारीच्या लुगड्याची तऱ्हा वेगळी असायची.

शेठने वाडी घेतली तेव्हा विहीर बंगल्याच्या आवारात आली. गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, समुद्राकडून एक खिंड होती, ती तशीच राहू द्यायचं शेठने कबूल केलं होतं. पुढे त्याने तिथे सागाचं छोटं दार बसवलं, आतून कडी ठेवली. तांडेलने ती कडी कधी लावली नाही. जमिनीकडचं मोठं फाटक मात्र तो दिवस मावळला की साखळदंडाने बांधायचा, कुत्रा तिथेच बांधायचा आणि स्वतः तिथेच खाट टाकायचा. चोर येणार तो रस्त्याने येणार. समुद्राकडून येतो तो तहानलेला. हे त्याच्याच नाही, आम्हा सगळ्यांच्याच डोक्यात असं पक्कं होतं की वेगळं काही असू शकतं, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

तीस सालानंतरच्या एका वर्षी, शिमगा होऊन गेल्यावर, एक गलबत बाहेर नांगरलेलं दिसलं. दोन डोलकाठ्यांचं, बांधणी आमच्याकडची नाही. मी तांडेलकडे बसलो होतो. छोट्या होडीतून माणसं पिंपं घेऊन आली. वर्ण वेगवेगळे, भाषा आपसांतही एक नव्हती. त्यांच्यातल्या निळ्या कोटवाल्याने हाताच्या ओंजळीची खूण केली. तांडेल उठला, रहाट सोडला आणि आपल्या चांगल्या हाताने पहिली बादली त्यानेच काढून दिली. त्यांच्यातला एक पोरगेलासा तापाने फणफणत होता. तांडेलची बायको त्याच्यासाठी पेज घेऊन आली.

निळा कोटवाला गोदीतली हिंदुस्थानी बोलायचा. मला राहवलं नाही. मी बोलायला लागलो. त्याने बंगल्याची तारीफ केली. एवढं मोठं घर, साहेब आत झोपले आहेत काय, म्हणाला. मी म्हटलं, छे, शेठ मेमध्ये येतात, तोवर बंदच.

"काय बोलतंय तो?" तांडेलने विचारलं.

"बंगला छान आहे म्हणतो."

"आन तू काय बोललास?"

"शेठ मे महिन्यात येतात म्हटलं."

"पानी भरनाऱ्याशी गप्पा कनाला रं मारतंस? तो इचारील, तू सांगशील, मंग तू इचारशील. पानी भरू दे त्याला आन जाऊ दे."

"एवढं काय झालं, तांडेल?"

"काय झाला न्हाय. तुला बंबईची भाषा येते, ती दावायला जागा गावली, एवढाच झाला."

त्याची बायको हसली. मी ओशाळलो. जाताना निळ्या कोटवाल्याने काहीतरी देऊ केलं, तांडेलने नुसता हात हलवला. गलबत भरतीबरोबर निघून गेलं.

त्यानंतर बरेच दिवस गेले. एक दिवस सकाळी तांडेल धक्क्यावर आला. तो कधी धक्क्यावर यायचा नाही, हाताकडे लोक बघतात म्हणून. मला म्हणाला, "बंगल्यावर चल."

बंगल्याच्या समुद्राकडच्या बाजूच्या खिडकीचे गज नीट कापून काढले होते. आतलं चांदीचं सामान, घड्याळं, गालिचे, बाईसाहेबांच्या आरशापुढच्या डब्या, सगळं गेलं होतं. मोडतोड कुठेच नव्हती. पलंगावरच्या चादरी घडी करून ठेवल्या होत्या, बहुधा खालची पेटी काढताना. मला ती घडी अजून दिसते. वाळूत होडी ओढल्याची खूण भरतीने अर्धी पुसली होती. कुत्रा फाटकाशी बांधलेला, साखळदंड जागच्या जागी.

"दर्याकडून आयले," तांडेल म्हणाला. त्याला चोरीपेक्षा त्याचाच धक्का बसला होता. दिवसभर तो तेवढंच म्हणत राहिला.

शेठ आले. अलिबागेहून फौजदार आला. मग मुंबईहून एक गोरा साहेब आला, तेव्हा आम्हाला कळलं की हे आमच्यापुरतं नव्हतं. मुंबईत मलबार हिलच्या बाजूला, वांद्र्याला, श्रीमंतांची घरं अशीच रिकामी होत होती. जहाजांवरून उतरलेली परदेशी माणसं, कुठे कापड विकायला येत, कुठे काचसामान, घर बघून जात आणि माणसं नसताना परत येत. साहेबाला हे सगळं ठाऊक होतं. चोर कोण, याबद्दल त्याच्या मनात शंकाच नव्हती. म्हणून मला वाटलं, आता तांडेलला भीती नाही.

पण साहेबाचं म्हणणं असं, की अशा प्रत्येक घरात त्यांचा एक आतला माणूस असतो. टोळी तर समुद्रावर. हाताशी होता तो तांडेल.

माझी साक्ष बंगल्याच्या ओसरीवर झाली. फौजदार विचारत होता, साहेब वेताच्या खुर्चीत बसून ऐकत होता, शेठ खांबाशी उभे होते. तांडेल खाली अंगणात उकिडवा बसला होता. त्याने माझ्याकडे बघून मान हलवली, जणू आता हा आला, हा नीट सांगेल.

"गलबतवाले आले तेव्हा तू हजर होतास?"

"होय साहेब. त्यांच्याशी मीच बोललो. शेठ कधी येतात तेही मीच सांगितलं. तांडेलला त्यांची भाषासुद्धा येत नाही."

"तुला विचारलं तेवढंच सांग. त्यांना आवारात कोणी घेतलं?"

"घेतलं असं नाही. ते पाण्याला आले."

"दार कोणी उघडलं?"

"दार उघडंच असतं."

"त्याला कडी आहे ना?"

"आहे."

"कोणी बसवली?"

"शेठनी."

"आणि लावायची कोणी?"

मी म्हणालो, "तांडेलने. पण साहेब, ते दार लावतच नाहीत. आज नाही, कधीच नाही. विहीर गलबतांची आहे. आमच्याकडे रीतच आहे तशी."

मला वाटलं, मी त्याला सोडवलं. दार त्या दिवशी मुद्दाम उघडलेलं नाही, ते वर्षानुवर्षं उघडं आहे, याहून चांगला पुरावा कोणता? फौजदाराने साहेबाला इंग्रजीत सांगितलं. मी एवढं बोललो होतो, त्याचं इंग्रजी फारच थोडक्यात झालं. साहेबाने मान डोलावली. मग फौजदाराने जे लिहिलं ते मला वाचून दाखवलं. मालकाने कडी बसवली असता राखणदार ती लावत नसे, अनोळखी माणसांना आवारात येऊ देत असे, आणि हे तो जाणूनबुजून करीत असे. यात एक अक्षर खोटं नव्हतं. मी सही केली.

सही करून मी शेठकडे वळलो. "शेठ, तुम्हाला ठाऊक आहे. विहिरीचं तुम्ही कबूल केलं होतं."

शेठ वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "विहीर मला ठाऊक आहे. पण कडी मी बसवली होती, तेही मला ठाऊक आहे."

तांडेलला अलिबागेला नेलं. जाताना तो मला म्हणाला, "तू सांगितलास ना त्यांना? पान्याचा?"

"सांगितलं, तांडेल."

"मंग जाल," तो म्हणाला, म्हणजे होईल सगळं ठीक. आणि होडीत चढला.

मी दोनदा अलिबागेला गेलो. फौजदाराला म्हटलं, माझी साक्ष पुन्हा घ्या, बोललो ते मी होतो, मला धरा. तो चिडला नाही, हसला. म्हणाला, "तू तर आमचा साक्षीदार. साक्षीदाराला धरलं तर खटला कोण चालवणार?"

खटला उभा राहिलाच नाही. टोळी सापडेना आणि तांडेलपाशी चोरीचं काही निघालं नाही. पावसाळ्याच्या तोंडावर त्याला सोडून दिलं. सोडून दिलं, एवढंच. तो निर्दोष आहे असं कोणी म्हटलं नाही, कारण तसं म्हणायचं कोणाचं कामच नव्हतं.

तोवर शेठने दुसरा राखणदार आणला होता, गावाबाहेरचा. समुद्राकडची खिंड दगडचुन्याने बंद केली होती. गलबतांना पाणी बंद झालंच, पण कोळीवाड्यातल्या बायकांनाही बंद झालं. त्या त्याच खिंडीतून जायच्या. आता मचूळ पाण्याचा भात शिजवावा लागे. प्रथम लोक शेठला शिव्या देत. पण शेठ मुंबईला, आणि गावातल्या अर्ध्या घरांना त्याच्या वाडीत काम. हळूहळू शिव्यांची दिशा बदलली. तांडेलने घोळ घातला नसता तर विहीर गेली नसती, असं बायका म्हणायला लागल्या. विहिरीला नाव पडलं ते याच दिवसांत.

धक्क्यावर तर मला रोज ऐकावं लागे. काम गेल्यावर तांडेलला सामानासाठी स्वतः धक्क्यावर यावं लागे, आणि तो आला की एखादा म्हणे, "तांडेल, आमचं पन दार दावा की कुनाला. आमच्याकडं फक्त सुकी मासली हाय, पन चालंल त्यांना." दुसरा म्हणे, "चादरी घडी करून ठेवतात म्हनं. आमच्या कारभारनीला लई आवडंल." सगळे हसत. तांडेलही हसे. पहिल्यांदा तो हसला ते समजून घेऊन हसला. नंतर नंतर न समजल्यासारखा हसायला लागला.

मी एकदा तिकिटाच्या खिडकीतून ओरडलो की या माणसाने काही केलेलं नाही. ज्याने थट्टा केली होती तो शांतपणे म्हणाला, "तूच सही केलीस ना, दार उघडं होतं म्हनून? मंग आता आमच्यावर कनाला वराडतंस?"

दार उघडं होतं.

तांडेलची मुलगी लग्नाची होती. शेजारच्या गावचं ठरलेलं स्थळ मोडलं. कारण कुणी दिलं नाही. शेवटी उरणला, मोरा बंदरावर, लांबच्या ओळखीतून जमलं. लग्न लागलं आणि वर्षाच्या आत तांडेल आणि त्याची बायको घर सोडून तिकडेच गेले. निघताना मी धक्क्यावर होतो. तिकीट मीच फाडलं. माझ्या वडिलांच्या दोस्ताला मी भाड्याचे पैसे मागितले नाहीत, तर त्याने ते खिडकीत ठेवले आणि गेला.

पुढे काही वर्षांनी तोच फौजदार, बदली होऊन जाताना, आमच्या लाँचने मुंबईला निघाला. मला ओळखून खिडकीशी थांबला. म्हणाला, "ती टोळी सापडली बरं का. मुंबईतच. तुमच्याकडच्या बंगल्याचंही कबूल केलं त्यांनी. आतला माणूस कुणी नव्हताच म्हणे. पाणी मागितलं, मिळालं, तेवढ्यात घर बघून घेतलं."

"मग साहेब, हे गावात चला आणि सांगा."

"कुणाला सांगू? केस केव्हाच मिटली." लाँचची शिटी झाली आणि तो गेला.

मी गावात सांगितलं. माझं कोण ऐकणार? "फौजदार तुझ्या कानात सांगून गेला व्हय?" एवढंच उत्तर मिळालं. मग ठरवलं, गाव राहू दे, निदान तांडेलला तरी हे कळलं पाहिजे. मुंबईला जाऊन भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची होडी धरली. वाटेत मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होतो. सुरुवात कशी करायची, फौजदाराचे शब्द कसे सांगायचे.

त्याच्या मुलीने मला लांबूनच ओळखलं. पदराला हात पुसत ती पार रस्त्यापर्यंत पुढे आली आणि वाट अडवून उभी राहिली.

"दादा, काय काम काढलंत?"

मी सांगितलं. टोळी सापडली, तुझ्या वडिलांवरचा आळ गेला. ती खूश होईल असं मला वाटलं होतं. तिने मागे घराकडे बघितलं.

"दादा, इथं कुनाला म्हाईत न्हाय."

"काय माहीत नाही?"

"काईच. बाबा अलिबागेला व्हते, त्ये न्हाय. चोरी न्हाय. सासूबाईंना न्हाय, यांना न्हाय. तुमी आळ गेला म्हनून सांगाल, मंग त्ये इचारतील, कसला आळ?"

मी परत फिरायला लागलो.

"चा घ्या," ती म्हणाली. "बसा. पन त्यो विषय नको. पाया पडतंय तुमच्या."

मी चहा घेतला. तांडेल ओटीवर जाळं दुरुस्त करत बसला होता, एका हाताने आणि पायाच्या बोटांनी. मला बघून त्याला फार आनंद झाला. जावयाला हाक मारून म्हणाला, "यो आमच्या गावचा. याच्या बापाची आन माजी एक होडी व्हती." सासूबाईंनी बोंबील बांधून दिले. तासभर आम्ही वाऱ्याबद्दल, बोंबलाच्या भावाबद्दल, कोण गेलं, कोण राहिलं याबद्दल बोललो. मुलगी आत-बाहेर करत होती आणि दर वेळी माझ्या तोंडाकडे बघत होती.

निघालो तेव्हा तांडेल बंदरापर्यंत सोडायला आला. तिने त्याला अडवलं, पण तो ऐकेना. म्हणून आम्ही दोघेच होतो. होडी लागायला थोडा वेळ होता. तिथे ऐकणारं कुणी नव्हतं. मी सांगू शकलो असतो. पण सांगितलं की तो घरी जाऊन बायकोला सांगणार, जोरात सांगणार, तांडेल लोक हळू बोलत नाहीत.

"येवढ्या लांब आयलास," तो म्हणाला. "काय सांगायचा व्हता काय मना?"

"नाही," मी म्हणालो. "असंच."

त्याने माझ्या पिशवीतले बोंबील नीट दाबून बसवले, वास लाँचवाल्यांना लागू नये म्हणून, आणि मला होडीत चढायला हात दिला.

दोन पावसाळ्यांनी तो गेल्याचं कळलं. त्याची मुलगी आता नाही. तिची मुलं, नातवंडं मोऱ्याला आहेत, चांगली नांदताहेत आणि तांडेलची गोष्ट त्यांना ठाऊक नाही. त्याने दार उघडून दिलं नाही. ते उघडंच होतं, आणि का उघडं होतं ते मी वर लिहिलं आहे. त्याचं नाव इथे लिहावं असं फार वाटतं. लिहिलं तर मोऱ्याला कुणीतरी वाचेल आणि विचारेल, कसली चोरी? म्हणून तेवढं लिहिता येत नाही.